उघडायचं की उचलून न्यायचं?

सेनगाव तालुक्याचं ठिकाण, म्हणजे कागदाचं गाव. तहसील, पंचायत समिती, बँका, शाळा-कॉलेजं आणि त्यांच्या आजूबाजूला झेरॉक्सची, सेवा केंद्रांची दुकानं. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश, जुलैत पीकविमा, पुढे शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षा आली की हॉल तिकिटं. सगळं ऑनलाइन झालं म्हणतात, पण खिडकीवर शेवटी हातात कागदच मागतात. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली तेव्हा स्वाध्यायाची पानं छापायला घराघरांत प्रिंटर आले. त्यातले बरेचसे आज कपाटावर कापड पांघरून बसलेत. बिघडलेत असं घरचे सांगतात.

बिघडलेला प्रिंटर घरी उघडावा की दुकानात न्यावा, यावर दोन माणसं इथं भांडतात. एक आहेत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मामा, आणि दुसरी त्यांची भाची. ती झेरॉक्सचं आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान चालवते. दोघंही काल्पनिक. अडचणी मात्र रोजच्या आहेत.

मामा : मशीनला स्क्रू दिलेत ते उघडायलाच दिलेत, असं माझं सरळ मत आहे. शाळेत सगळी नोकरी मी सायक्लोस्टाइलवर परीक्षेचे पेपर काढले. स्टेन्सिल फाटायचं, शाई गळायची, कागद अडकायचा. ते नीट करायला नांदेडहून कोणी येत नव्हतं. आपणच उघडायचं, पुसायचं, लावायचं. तुम्ही आजकालची पोरं जरा काही झालं की दुकान दाखवता.

भाची : सायक्लोस्टाइल आत काय करतंय ते दिसत होतं, मामा. हँडल फिरवलं की ड्रम फिरायचा, शाई कुठून आली ते डोळ्यांनी कळायचं. तुमच्या घरच्या इंक टँक प्रिंटरमध्ये शाई ज्या छिद्रातून पडते ते साधारण 20 मायक्रॉनचं असतं. माणसाचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड. तिथं तुमचा स्क्रू ड्रायव्हर काय करणार?

मामा : मग कंपनीनं असली नाजूक वस्तू घरात द्यायचीच कशाला?

भाची : कारण ती स्वस्तात रंग छापते. एप्सनच्या ‘003’ शाईची काळी बाटली 65 मिलिलिटरची असते आणि तिच्यात साधारण 4,500 पानं निघतात, असा कंपनीचाच आकडा आहे. पूर्वीच्या छोट्या कार्ट्रिजच्या मानानं हे फारच परवडतं. पण गोम अशी की हे मशीन वापरून बिघडत नाही, न वापरून बिघडतं. तुमचं बघा. जूनमध्ये नातवाच्या प्रोजेक्टची पानं काढली, त्यानंतर थेट ऑक्टोबरात बटण दाबलं. शाईत बरंचसं पाणीच असतं. चार महिने पडून राहिलं की छिद्राच्या तोंडाशी ती वाळते. टोपण न लावता ठेवलेल्या पेनाचं जे होतं तेच.

मामा : टोपण असतं की त्याला. माझ्या वाचनात आलंय, आत रबराची टोपी असते म्हणे.

भाची : असते. हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन त्या टोपीवर बसतं तेव्हा छिद्रं झाकली जातात. पण ते कधी जातं? तुम्ही प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून बंद केलं तरच. तुम्ही काय करता? बोर्डावरचं बटण बंद करता.

मामा : वीज वाचवायची सवय आहे मला. त्यात काय चूक?

भाची : वीज वाचते, पण हेड मधेच उघडं राहतं. आधी प्रिंटरचं बटण दाबायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग बोर्ड. आणि आपल्याकडं तर तुम्ही बंद करायच्या आधी लाईटच जाते. छापता छापता लाईट गेली की हेड जिथं असेल तिथं उघडं. लाईट आली की प्रिंटर एकदा सुरू करायचा, त्याची खरखर होऊ द्यायची आणि मग त्याच्या बटणानं बंद करायचा. एवढं एक काम घरोघरी झालं ना, तर माझ्याकडं येणारे इंकचे निम्मे प्रिंटर यायचे नाहीत.

मामा : म्हणजे तुझं दुकान बंद पडेल.

भाची : पडणार नाही. लेझरवाले आहेत की.

मामा : बरं, शाई वाळली. मग मी काय करतो, कॉम्प्युटरवर ‘हेड क्लीनिंग’ असतं ते लावतो. एकदा नाही झालं तर दहादा लावतो. कधी ना कधी निघतंच.

भाची : तिथंच घात होतो. क्लीनिंग म्हणजे आत शाई खेचून छिद्रातून बाहेर ओढणं. ती शाई जाते कुठं? प्रिंटरच्या पोटात स्पंजासारखा पॅड असतो, त्यात. दहा वेळा क्लीनिंग केलं की तुमची विकतची शाई त्या पॅडात. शिवाय मशीन पॅडाचा हिशोब ठेवतं. हिशोब भरला की पॅड भरल्याचा मेसेज येतो आणि मशीन छापायचं थांबवतं.

मामा : मग करायचं तरी काय? हात जोडून बसायचं?

भाची : क्रम पाळायचा. आधी ‘नॉझल चेक’. चारी रंगांच्या जाळीसारख्या रेघा छापून येतात. कुठं तुटक दिसतेय ते बघायचं. मग एक क्लीनिंग, परत नॉझल चेक. फार तर तीनदा. त्यानंतर बंद करून किमान 12 तास ठेवायचा. तेवढ्यात वाळलेली शाई मऊ पडते, नळीतले हवेचे बुडबुडे बसतात. दुसऱ्या दिवशी परत एकदा. जोराचं क्लीनिंग करायचंच तर टाकीत शाई तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी नको, नाहीतर नळीत हवा शिरते आणि दुखणं वाढतं.

मामा : एकानं मला सांगितलं की सिरिंजनं कोमट पाणी सोडायचं.

भाची : ते कारागीर करतात. हेड काढून, सर्किट कोरडं ठेवून, ठरावीक द्रव वापरून. घरी नळाचं पाणी सोडलं तर त्यातला क्षार छिद्रात बसतो, आणि थेंब कॉन्टॅक्टवर गेला तर हेड जळतं. आपल्या बोअरचं पाणी कसलं आहे ते तुम्हाला सांगायला नको. अन् शाईची बाटली बदलताना कंपनीची कुठली, क्रमांक कुठला, हे बघा. काही कंपन्यांची काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची असते. मिसळली की आत गुठळ्या. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. क्लीनिंगपेक्षा ते स्वस्त पडतं.

मामा : हे मान्य. पण कागद अडकला तर? ते काम दुकानाचं नाही. तिथं मी ऐकणार नाही.

भाची : तिथं तुम्हीच सांगा. ते तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं.

मामा : ऐक तर मग. पहिली गोष्ट, घाईनं ओढायचं नाही. प्रिंटर बंद करायचा. लेझर असेल तर झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर काढायचं. मग कागद ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं, दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंवर सारखा ताण ठेवून हळूहळू ओढायचा. उलटा ओढला की दाते आणि सेन्सरची पाती मोडतात. आणि फाटला तर सगळे तुकडे टेबलावर मांडून पूर्ण ए-फोर जुळतो का ते बघायचं. एक कोपरा कमी भरला तर तो आतच आहे. तोच पुन्हा पुन्हा कागद अडकवतो. लोक म्हणतात मशीन खराब झालं. मशीन कसलं, बोटभर कागद आहे तो.

भाची : हे तुमचं टेबलावर मांडणं मी गिऱ्हाइकांना सांगत जाईन.

मामा : सांग, फी घेऊ नकोस. दुसरं, अडकण्याचं कारण बहुतेक वेळा कागद. पावसाळ्यात रीम उघडी टाकली की कागद दमट होऊन कडेला वळतो, आणि वळलेला कागद सरळ जात नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं कूलर चालतो, आणि प्रिंटर ठेवायला जागा नेमकी कूलरसमोर! बाहेर पारा 42 च्या वर, आत कागद ओला. आणि कूलर नसलेल्या खोलीत उलटं, हवा इतकी कोरडी की कागदाला कागद चिकटतो, एकाला दोन-तीन जातात. म्हणून गठ्ठा ट्रेमध्ये घालण्याआधी कडा फुलवून घ्यायच्या. उरलेली रीम तिच्याच कव्हरात ठेवायची. 75 जीएसएमचा साधा कॉपियर कागद बरा.

भाची : आणि मागचा ट्रे झाका. इंक टँकवाल्यांचा कागदाचा ट्रे मागं, वर तोंड करून उघडा असतो. त्यात काय काय निघतं म्हणून सांगू. पेन्सिल, रुपयाचं नाणं, लग्नपत्रिकेवरची टिकली, पालीची लेंडी. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं भुसकट.

मामा : तिसरं, कागद खेचणारा रबरी रोलर. ‘कागद नाही’ म्हणतो आणि कागद तर दिसतोय, म्हणजे रोलर गुळगुळीत झाला. ओलसर, दोरे न निघणाऱ्या कापडानं तो फिरवत फिरवत पुसायचा. बस.

भाची : रॉकेल, थिनर काही नाही ना लावत?

मामा : एकदा लावायचा विचार होता.

भाची : विचारावरच थांबा. थिनरनं रबर आधी चिकट होतं, मग तडकतं. आता माझी पाळी. लेझर. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त येतात ते एचपीचे 1020 आणि कॅननचे 2900. दोन्ही जुने घोडे, अजून धावतात. दोन्हीचं कार्ट्रिज जवळपास सारखं. एकाचं ‘12ए’, दुसऱ्याचं ‘303’. 12ए वर कंपनी 2,000 पानं सांगते, पण ते पानाचा 5 टक्के भाग काळा धरून. तुम्ही काळ्या पट्टीचं लेटरहेड काढलंत तर निम्मीही निघणार नाहीत.

मामा : लेझरमध्ये शाई नसते, पूड असते, एवढं ठाऊक आहे.

भाची : पूड म्हणजे रंग घातलेलं बारीक प्लॅस्टिक. लेझरचा किरण ड्रमवर अक्षराच्या जागी विजेचा भार बदलतो, पूड तिथं चिकटते, कागदावर उतरते आणि पुढं फ्यूझर नावाचा रोलर ती साधारण 200 अंशांवर वितळवून दाबतो. पूड वाळत नाही. म्हणून ज्याला वर्षातून चार वेळाच छापायचंय, तेही काळं, त्यानं लेझर घ्यावा. सहा महिने पडला तरी पहिलं पान नीट येतं. मी तुम्हाला हे घेतानाच सांगितलं होतं.

मामा : तेव्हा नातवाला रंगीत वाघ छापायचा होता. पुढं बोल.

भाची : लेझरचं दुखणं पानच सांगतं. सगळं पान फिकं आलं तर टोनर संपत आलाय, किंवा सेटिंगमध्ये टोनर बचत चालू आहे. कार्ट्रिज काढून आडवं धरून डावीकडं-उजवीकडं हलवलं की आणखी काही पानं निघतात. उभी पांढरी पट्टी आली तर त्या बाजूचा टोनर संपला, नाहीतर किरण जातो त्या काचेवर धूळ आहे. उभी काळी रेघ म्हणजे ड्रमवर ओरखडा, किंवा ड्रम पुसणारी पट्टी गेली. एकच ठिपका ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टीनं अंतर मोजायचं. ठिपका ज्या रोलरवर आहे त्याच्या घेराएवढंच ते अंतर येतं. बऱ्याच छोट्या लेझरमध्ये ड्रमचा घेर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असतो. तेवढं भरलं तर ड्रम. बोट फिरवल्यावर अक्षर पुसलं जात असेल तर फ्यूझर नीट तापत नाही, किंवा कागद जाड घातला आणि सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं.

मामा : बघ, हे तर निदान झालं. निदान घरी करता येतं म्हणजे दुरुस्तीही घरी करता येईल.

भाची : निदान घरी करा, म्हणजे दुकानदार फसवू शकणार नाही. ‘ड्रम गेलाय’ असं सांगून कोणी पूर्ण कार्ट्रिज गळ्यात मारत असेल तर तुम्हाला कळेल. पण फ्यूझर उघडू नका. बंद केल्यावरही तो बराच वेळ तापलेला असतो. ड्रमवर बोट लावू नका, कार्ट्रिज उन्हात ठेवू नका, ड्रमला उजेड सोसत नाही. पूड सांडली तर कोरड्या कापडानं पुसा, कपड्यावर पडली तर गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं ती वितळून कापडात बसते. आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पूड त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर होते.

मामा : रिफिल भरतेस तेव्हा तू उघडतेसच ना? मी उघडलं की पाप?

भाची : मी वापरलेल्या पुडीचा कप्पा रिकामा करते, तो भरून वाहिला की पानावर डाग पडतात. ड्रम आणि पट्टी दोन-तीन रिफिलनंतर बदलते. घरी नुसती पूड भरतात आणि कार्ट्रिजला दोष देतात. आणखी एक. लेझर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. इंक टँक छापताना पंधरा-वीस वॅट घेतो, तो चालेल. छोटा लेझर सरासरी अडीचशे-तीनशे वॅट घेतो, आणि फ्यूझर तापताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. इन्व्हर्टर ट्रिप तरी होईल, नाहीतर फ्यूझरचं सर्किट तरी जाईल.

मामा : बरं बाई. मशीनचं झालं. पण आता खरी गोष्ट सांगतो. या सगळ्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती स्क्रीनवर ‘ऑफलाइन’ आलं की. त्याला मी हात लावत नाही. प्रिंटर सरळ तुझ्या दुकानात आणतो.

भाची : मामा, तुम्ही उलटं करता! जिथं हात घालू नये तिथं स्क्रू ड्रायव्हर घालता, आणि जिथं उघडून काही मोडत नाही त्याला भिता. घरून माझ्याकडं आलेले कितीतरी प्रिंटर दुकानात लावले की पहिल्याच झटक्यात छापतात. कारण बिघाड प्रिंटरमध्ये नसतोच, कॉम्प्युटरमध्ये असतो. आणि कॉम्प्युटर तर तुम्ही घरीच ठेवून आलेले असता.

मामा : मग घरी बसून ओळखायचं कसं, कशात आहे ते?

भाची : स्कॅनर असलेल्या प्रिंटरच्या काचेवर कागद ठेवायचा आणि त्याचंच कॉपीचं बटण दाबायचं. कॉम्प्युटरचा संबंध नाही. कॉपी स्वच्छ आली म्हणजे प्रिंटर धडधाकट. दोष वायर, कॉम्प्युटर किंवा वाय-फायमध्ये. काच नसेल तर बटण दाबून धरल्यावर बहुतेक मशीन स्वतःचं चाचणी पान काढतं. दुकानाची पायरी चढायच्या आधी हे एवढं करायचं.

मामा : आणि कॉपी चांगली आली, तरी ‘ऑफलाइन’?

भाची : वायरचा असेल तर यूएसबी काढून दुसऱ्या खाचेत लावा. मग प्रिंटरच्या यादीत जाऊन बघा, ‘प्रिंटर ऑफलाइन वापरा’ असल्या पर्यायावर खूण आहे का. असली तर काढा. मग बघा, डिफॉल्ट म्हणून कोण निवडलंय. विंडोजमध्ये एक सोय आहे, शेवटचा वापरलेला प्रिंटर तो आपोआप डिफॉल्ट करतो. एकदा पीडीएफ म्हणून सेव्ह केलं की पुढची सगळी पानं पीडीएफमध्येच जातात आणि तुम्ही प्रिंटरकडं बघत बसता. ती सोय बंद करा.

मामा : आणि रांगेत अडकलेलं पान? डिलीट म्हणलं तरी जात नाही, ‘डिलीटिंग’ म्हणून तसंच राहतं.

भाची : त्याला स्पूलर म्हणतात. छापायची कामं तो रांगेत ठेवतो. एक काम कुजलं की मागची सगळी अडतात. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचं. विंडोजच्या ‘सिस्टिम32’ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरमध्ये ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर असतं. त्याच्या आतल्या फायली काढायच्या, फोल्डर राहू द्यायचं. स्पूलर परत सुरू. झालं. आणि वाय-फायचा असेल तर लाईट जाऊन आल्यावर राउटर प्रिंटरला नवीन आयपी पत्ता देतो, कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. घरचे बरेचसे प्रिंटर 2.4 गिगाहर्ट्झचंच वाय-फाय ओळखतात. नवीन राउटर 5 गिगाहर्ट्झवर लावून दिला की प्रिंटरला ते नेटवर्कच दिसत नाही.

मामा : अन् मराठीचं काय? परवा एक अर्ज काढला तर सगळे चौकोन. सातबारा मात्र नीट आला.

भाची : तो अर्ज कुठल्यातरी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असणार. श्रीलिपी, कृतिदेव असले. तो फाँट तुमच्या मशीनवर नाही, म्हणून चौकोन किंवा भलतीच अक्षरं. ज्यानं टाइप केलं त्याच्याकडून पीडीएफ करून घ्या. पीडीएफ असूनही अक्षरं तुटत असतील तर छापायच्या चौकटीत पुढच्या पर्यायांमध्ये ‘इमेज म्हणून छापा’ असतं, त्यावर खूण करा. पानाचा कडेचा मजकूर कापला जात असेल तर ‘फिट’ निवडा. हॉल तिकिटाचा बारकोड कापला गेला तर पोराची परीक्षाच अडायची. या सगळ्यात तुमच्या हातून काय मोडणार आहे, सांगा बरं?

मामा : मोडत नसेल. पण लोखंडाचा भाग सैल झाला तर हाताला कळतं. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी विचारतं, ‘येस’ दाबलं तर काय होईल ते कळत नाही. तुम्हाला सवय आहे म्हणून तुम्हाला ते निरुपद्रवी वाटतं.

भाची : हे तुमचं खरं आहे, आणि त्यात एक धोका आहेच. लोक नेटवर ‘प्रिंटर हेल्पलाइन’ शोधतात, खोटा नंबर मिळतो, समोरचा कॉम्प्युटरवर ताबा घेणारं ॲप टाकायला सांगतो आणि बँक खातं साफ होतं. नंबर शोधायचाच तर प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा. ड्रायव्हरही तिथूनच. बाकी कुठलंही ‘येस’ दाबताना फोटो काढून मला पाठवा, मी सांगते.

मामा : हे चांगलं आहे. पण माझ्या मूळ प्रश्नाला तू अजून बगल देतेस. पॅडचा हिशोब भरला म्हणून मशीन बंद पडतं, असं तू म्हणालीस. पॅड काढून नवा घातला, तरी मशीन चालत नाही ना?

भाची : नाही. आतला आकडा शून्य करावा लागतो, आणि ते सॉफ्टवेअर कंपनी घरच्या गिऱ्हाइकाला सहसा देत नाही. काही नव्या मॉडेलांत मात्र ती पेटी घरीच बदलता येते.

मामा : म्हणजे वस्तू माझी, पैसे माझे, आणि ती कधी मरायची ते कंपनी ठरवणार. कार्ट्रिजवरही चिप. बाहेरचं कार्ट्रिज घातलं की काही प्रिंटर नाकारतात. मला तू उघडू नको म्हणतेस ती काळजी समजतो. पण कंपनी उघडू देत नाही ती काळजी नाही.

भाची : तुम्ही एकटे नाही असं म्हणणारे. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो सारखा कागद अडकवायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरनं आधीच्या प्रिंटरमध्ये अशी सोय केली होती की कागद अडकला की लोकांना स्क्रीनवर निरोप जाई. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमची मूळ प्रत त्याला कोणी देईना. त्या रागाचा त्याच्या पुढच्या कामात मोठा वाटा आहे. 1983 मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला.

मामा : बघ! अडकलेल्या कागदातून एवढी चळवळ निघाली.

भाची : आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. विकत घेणारा ते भरून परत विकू शकतो. आपल्याकडंही ग्राहक खात्यानं डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं.

मामा : मग सेनगावात त्याचा उपयोग काय?

भाची : पोर्टलवर माहिती मिळेल, सुटा भाग रिसोडच्या दुकानात मिळेल की हिंगोलीच्या, ते त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी म्हणते, दुरुस्ती विकत घेतानाच सुरू होते. घेताना रंग, वेग बघण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. शाई-टोनर आपल्या गावात कोणाकडं मिळतो? पॅड घरी बदलता येतो का? आणि माझ्या कॉम्प्युटरला याचा ड्रायव्हर आहे का? दुकानदाराला सांगता येत नसेल तर तो प्रिंटर घेऊ नका.

मामा : आणि जुना मेला तर? भंगारवाल्याला?

भाची : नको. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात, त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीला फोन करा, ‘माझा ई-कचरा न्या’ म्हणा. कार्ट्रिज चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.

मामा : एक सांगतो, रागावू नकोस. कंपनीनं कुलूप लावलं तर मी ते तोडायच्या बाजूचाच राहणार. तू दुरुस्तीचं दुकान चालवतेस, तुझी बाजूही खरं तर तीच असायला पाहिजे.

भाची : आहेच. पण कुलूप तोडायचं ते काम माझं, मामा. पॅड बदलून आकडा शून्य करायला मी रोज बसलेय. तुम्ही कागद, रोलर आणि ते स्पूलर सांभाळा. अन् फ्यूझरला हात लावायचाच झाला, तर किमान अर्धा तास थांबून.

मामा : लावणार आहेच. अर्धा तास मात्र थांबेन.